पैनगंगेतले दोन गाडे

माझा भासरा, म्हंजे नवऱ्याचा थोरला भाऊ, दगडोबा पाटील, शाणा माणूस. गावात पेपर एकट्याकडं येतो, त्यामुळं तो म्हणंल ती पूर्व. त्याच्या शाणपणानं माझ्या घराचं वाटोळं झालं, हे मी त्याच्या तोंडावर म्हणते. भासऱ्यापुढं पदर वढून गप बसायची हौस आता फिटली.

आमचं बोरजाई पैनगंगेच्या अलीकडं, मोगलाईत, निजामाच्या राज्यात. पलीकडं करंजसोंडा, ते वऱ्हाडात. मधी हद्द होती, पण ती नावाला. आमची गुरं तिकडं चरायची, तिकडच्या पोरी इकडं नांदायच्या. माझी रुख्मी बी तिकडंच दिली, करंजसोंड्याच्या पाटलाघरी. सासूच्या आवाजावरून सासू वळखू यावी इतकं ते गाव जवळ. मग इंग्रज गेला. पलीकडं हिंदुस्थानचं राज झालं, अन् आमचं सरकार म्हणालं, आमी आमचे वायले राहतो. झालं! आमच्या घाटावर नाकं न् बंदुका, त्यांच्या घाटावर ठाणं न् बंदुका. मीठ बंद, राकेल बंद, विहिरीत टाकायची लाल दवा बंद. रुख्मी दोन जिवाची होती, तिचं येणं बी बंद.

पहिलं बाळातपण माहेरी, ही आमची रीत. सातवा लागला की पोरीला आणायचं. मी घरच्यांना, रुख्मीच्या बापाला, म्हणलं, आणा. ते म्हणले, कसं आणू? ते गरीब माणूस, म्हशीला बी दटावत न्हाईत. मग मी दगडोबाला निरोप धाडला. तो म्हणला, "थोडी कळ काढ म्हणावं. वर बोलणी चालू हाईत. दोन्ही सरकारांत करार झालाय, सालभरासाठी. जैसे थे."

"म्हंजे काय व्हो?" मी घरच्यांना इचारलं.

"म्हंजे जे जसं हाय ते तसंच."

"मंग रुख्मी बी तिकडंच? तशीच?"

ते उठून म्हशीकडं गेले. माझा जीव टांगणीला लागला, तो तिथून.

आखाड लागला न् गावात उलटी-जुलाबाची जरीमरी शिरली. माणूस सकाळी उठून बैल सोडायचा, अन् दुपारी त्याला चौघं उचलून न्यायचे. औषध मिळंना. वरच्या गावानं मरीआईचा गाडा आणून आमच्या शिवेवर ठेवला. परक्या माणसाला हे कळायचं न्हाई, म्हणून सांगते. गाडा लहानसा असतो, लाकडाचा. त्यात देवी, कडुनिंबाचा पाला, हिरवा चुडा, लिंबं. गावातली पीडा त्यात बसवायची अन् हलगी वाजवत पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन द्यायची. पुढचं गाव त्याच्या पुढच्याला देतं. कुठं जाऊन थांबतो ते कुणी पाहिलेलं न्हाई. गाडा चोरून ढकलायचा नसतो. देणाऱ्या गावची सवाशीण देवीची वटी भरते, घेणाऱ्या गावची सवाशीण ती पदरात घेते. तिनं पदर पसरला म्हंजे त्या गावानं कबूल केलं. आमचा गाडा करंजसोंड्याला जायचा, नदीच्या मधल्या खडकावर देणंघेणं व्हायचं. आजेसासऱ्याच्या बी आधीपासून असंच.

औंदा लोक भांबावले. चावडीवर कालवा. कुणी म्हणे, पलीकडं आता दुसरा देश, दुसऱ्या देशात देवी जाईल का? कुणी म्हणे, दुसरा देश हाय तर बरंच हाय, इचारायचं कशाला, द्या ढकलून. तवा दगडोबानं पेपर मांडीवर ठेवला अन् फैसला दिला.

"करार काय म्हणतो? जे आधी चालत होतं ते सालभर तसंच चालंल. टपाल तसंच, आगगाडी तशीच. मंग गाडा बी तसाच. त्यांना घ्यावाच लागंल. न्हाई घेतला तर त्यांनी करार मोडला असं होईल, अन् जगाची पंचाईत बसती तिथवर आपलं सरकार फिर्याद नेऊन राहिलंय."

सगळ्यांना पटलं. मला बी पटलं, खोटं काहून बोलू? दगडोबाची बायको मागंच गेलेली, म्हणून पाटलाघरच्या वटीचा मान माझा. करंजसोंड्यात रुख्मीची सासू विधवा, दुसरी थोरली सवाशीण घरात न्हाई, म्हंजे तिकडचा मान कुणाचा? माझ्या रुख्मीचा! दोन जिवाच्या बाईला असल्या कामाला धाडत न्हाईत, हे मला कळत होतं. पण माझी पोरगी मला कळत होती. आई नदीत येणार म्हणल्यावर ती घरात बसणारी नव्हती.

मी उठले ती मदीनाबीकडं गेले. तिचा दादला कादर नाक्यावर जमादार. आमच्याच गावचा, माझ्या लग्नात त्यानं वाढपं केलेलं. हिंगोलीकडून आलेले रझाकार नाक्यावर बसायला लागल्यापासून तो खाली मान घालून चालायचा. मी म्हणलं, "कादरभाई, बायांचा घोळका गाडा सोडून परत येतो, त्यात एक बाई जास्ती झाली तर तुमी मोजणार का?"

कादर चिलीम भरत होता. मदीनाबीनंच त्याच्या हातातली चिलीम काढून घेतली अन् म्हणली, "अनुसया काय मागून राहिली, ऐकू आलं ना?"

"वहिनी," कादर म्हणला, "माझे डोळे आजकाल बराबर न्हाईत. मोजायला जमत न्हाई."

मला हसू आलं अन् रडू बी आलं. मी घरी जाऊन बाजंवर नवी वाकळ टाकली, डिंक काढून ठेवला. पोरगी घरी येणार होती.

मंगळवारी दुपारी गाडा निघाला. पाऊस दोन दिवस उघडलेला, उताराला पाणी कमरेएवढं. हलगी वाजत होती, नाक्यावरचे बंदुका घेऊन उभे होते, पण देवीचं काम म्हणून त्यांनी बी वाट दिली. आमी पाण्यात शिरलो अन् मी मान वर केली, तर समोरून बी हलगी!

माझी आपली समजूत, की आमची वाट पाहून राहिले. मग गर्दी पाण्यात उतरली न् मला दिसलं. त्यांच्या पुढं बी गाडा होता. तसाच, लाकडाचा, पाला लावलेला. गाड्याच्या दोरीला हात लावून माझी रुख्मी येत होती, हिरवं लुगडं, पाणी पोटापर्यंत. वाळून काटकी झाली होती, पोट तेवढं पुढं.

खडकापाशी दोन्ही हलग्या थांबल्या. जरीमरी त्यांच्यात बी शिरली होती. अन् त्यांनी बी तोच इचार केला होता, की आता राज वायलं झालं, तर जुनी दिशा काहून पाळायची, गाडा मोगलाईत देऊ.

दगडोबा म्हणला, "हे काय? आमी देणारे, तुमी घेणारे. आजवर असंच हाय."

त्यांचा म्हातारा पाटील, रुख्मीचा चुलतसासरा, म्हणला, "आजवरचं आजवर. तुमच्या सरकारानं आमचं काय ऐकलं, म्हणून आमी तुमचं ऐकू?"

"करार हाय! जैसे थे!"

"तुमच्या पेपरात असंल. आमच्या पेपरात तुमीच करार मोडला म्हणून आलंय!"

अन् जुंपली की दोघांची. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोन म्हातारे हैद्राबाद न् दिल्ली भांडून राहिले. बाकीचे माना हलवत राहिले. माझं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. मी रुख्मीचा हात धरला होता. गार हात. ती हळूच म्हणली, "आई, मला घेऊन चल. मला तिथं भेव वाटतं. धाकली जाऊ गेली परवा."

"तुला न्यायलाच आले मी. बायांत मिसळ. गप चाल."

पण म्हाताऱ्याची नजर तिखट. त्यानं पाहिलं न् वरडला, "सून कुठं चालली?" मग त्याच्या डोक्यात आलं, अन् तो मऊ आवाजात दगडोबाला म्हणला, "पोरगी पाहिजे ना बाळातपणाला? न्या. पण आमचा गाडा बी घ्या. तुमची सवाशीण पदर पसरू दे."

मी पदर पसरला. इचार करायचं काय होतं त्यात? घेते म्हणलं, दोन्ही गाडे मी वढत नेते.

तर दगडोबानं माझ्या पदराला हात घातला. भासऱ्यानं, दोन्ही गावांपुढं. "एका पोरीपायी सगळं गाव मारायचं का? पदर आवर!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडं वर मान करून बोलले. "गाव मारायचं न्हाई म्हणता, अन् त्यांचं गाव मारायला हलगी घेऊन आले ते कोण? तुमीच ना?" पण माझ्यामागं आमच्या गावचे सगळे मागं सरकले होते. बाया बी. ज्यांच्या घरातून माणसं गेली होती त्यांच्याकडं मी कोणत्या तोंडानं पाहायचं? घरच्यांकडं पाहिलं. ते पाण्याकडं पाहत होते. पलीकडच्या ठाण्यावरून कुणी तरी शिट्टी मारली, आमच्या नाक्यावरून बी आरोळी आली, गर्दी पांगवा म्हणून. कादर काठावर दोन्ही हात हलवत होता. बंदुका वर झालेल्या होत्या.

रुख्मीनं माझा हात सोडवला. मी सोडला न्हाई, तिनंच सोडवला.

"जाऊ दे, आई. दुपारी घाटावर येत जा, मी बी येत जाईन. दिसलीस तरी बास मला."

दोन्ही गाडे तिथंच खडकावर राहिले. ना आमी नेला, ना त्यांनी. दगडोबा घरी जाताना म्हणला, झालं ते बराबर झालं, जैसे थे. मी त्या दिवशी त्याच्या घरचं पाणी सोडलं.

रोज दुपारी भाकरी टाकून झाली की मी घाटावर जायची. नाक्याच्या खाली एक चिंच हाय, तिथं उभी राहायची. पलीकडं हिरवं लुगडं दिसायचं. मी हात वर करायची, ती हात वर करायची. तोंड काय दिसत न्हाई इतक्या लांबून, हाक मारली तर ठाण्यावरचे दटावतात. मधी ते दोन गाडे. पाणी चढलं की त्यांची चाकं आपोआप फिरायची न् कुरकुरायची. भर उन्हात तो आवाज ऐकून अंगावर काटा यायचा. गाडे जोडीनं उभे होते अन् कुणीच त्यांना घरी न्यायला तयार नव्हतं. गावात लोक म्हणायचे, गाडा अडला, आता देवी इथंच फिरणार. माणसं मरतच होती.

सरावणात एकदा रुख्मी आली न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. तिसऱ्या दिवशी मी कादरचं मनगट धरलं. "मला जाऊ द्या. न्हाईतर मी अशीच पाण्यात शिरते, घाला गोळी."

"वहिनी, येडेपणा करू नका. वर दोन्हीकडून हुकूम हाय, पाण्यात दिसंल त्याच्यावर चालवा म्हणून. मी पलीकडं इचारतो."

"तुमी कसं इचारणार?"

"इचारतो म्हणलं ना. जमादार तिकडं बी हाय, त्याला बी तंबाखू लागती."

सांजच्याला घरी येऊन म्हणला, तब्येत नरम होती, आता बरी हाय, उद्या येईल. माझ्याकडं न पाहता मदीनाबीला भाकर माग म्हणला. अन् खरंच दुसऱ्या दिवशी हिरवं लुगडं आलं! मी तिथंच चिंचेखाली बसले अन् देवाला हात जोडले. रोज यायला लागली. आधी कवा कवा चुकायची, आता एक दिवस चुकत न्हाई. मी तिचं पोट न्याहाळायची. दिसामासी वाढत होतं. आठवा, मग नववा. ती उभी राहताना कमरंवर हात ठेवायची, वझं वाटत असंल म्हणून. मी घरी येऊन घरच्यांना सांगायची, बराबर वाढ हाय, पोरगाच होणार. ते बी हसायचे. मी चिंध्या मऊ करून लंगोट शिवले.

भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. इकडं पंधरा दिवस आधी कुणाला वाटलं नव्हतं अन् चारदोन दिवसांत सगळा खेळ आटोपला. नाक्यावरचे रझाकार रातोरात गायब. दुसऱ्या दिवसापासून गावोगाव सूड सुरू झाला, अन् ज्यानं काई केलं न्हाई त्याला बी लोक शोधून राहिले. मी कादरला न् मदीनाबीला माझ्या कोठ्यात, कडब्यामागं बसवलं. दगडोबा दाराशी आला होता इचारायला. मी म्हणलं, तुमी या घरात पाऊल टाकू नका. गेला.

मी टोपलीत डिंक, लंगोट, खारका भरून निघाले, तर कोठ्यातून कादर बाहेर आला. बाहेर यायचं न्हाई हे त्याला माहीत होतं, तरी आला.

"वहिनी, पलीकडं जाऊ नका."

"काहून? आता कोण अडवतं?"

"नका जाऊ म्हणतो ना. थांबा चार दिवस."

मला वाटलं, त्याच्या जिवाचं भेव. मी घरातून गेले तर त्याला कोण राखणार? म्हणलं, घरचे हाईत, बसा गप. अन् डोंग्यात बसून पलीकडं गेले. नाक्यावर चिटपाखरू न्हाई, ठाण्यावरचा शिपाई माझ्याकडं पाहून बाजूला झाला. इतकं सोपं होतं ते.

रुख्मीच्या अंगणात हिरवं लुगडं पाठमोरं दिसलं. सडा घालत होती. मी टोपली टाकून हाक मारली, "रुख्मे!"

तिनं वळून पाहिलं. रुख्मी नव्हती. तिची नणंद होती, चंद्री, चौदा-पंधरा वर्साची. हातातला तांब्या पडला तिच्या. "आई, आई" करत घरात पळाली.

रुख्मीची सासू बाहेर आली. तिनं काय बी लपवलं न्हाई, उभ्याउभ्या सांगितलं. सरावणात, सकाळी तिला उलट्या लागल्या, दिवस मावळायच्या आत गेली. पोटातलं बी तिच्यासंगंच गेलं. कादरनं तिकडच्या जमादारामार्फत इचारलं तवा तिला जाळून दोन दिवस झाले होते.

"त्यानंच निरोप दिला," सासू म्हणली. "पोरगी दिसली न्हाई तर ती बाई पाण्यात उतरणार, अन् आमाला गोळी चालवावी लागंल. कुणाला तरी उभं करा म्हणला. दोघा जमादारांचं ठरलं, दुपारी आमच्या पोरीला घाटावर जाऊ द्यायचं. चंद्रीला मी रुख्मीचं लुगडं नेसवायची. पोटाला चिंध्या बांधायची. दर आठ दिवसाला एक चिंधी वाढवायची."

दोन सरकारांत एवढा एकच करार कुणी मोडला न्हाई.

मी रडले न्हाई. मी सासूच्या अंगावर धावून गेले. "कुणाचं पोट पाहून मी देवाला हात जोडले? सांग ना! कुणासाठी लंगोट शिवले? मरू दिलं असतं मला नदीत! माझ्या लेकरामागं गेले असते, तुमचं काय जात होतं?" ती उभीच राहिली. मी मारलं असतं तरी तिनं मारू दिलं असतं. शेवटी तीच खाली बसली अन् म्हणली, "माझ्या बी दोन सुना गेल्या गं."

पितरांचा पंधरवडा चालू होता. तिथं माझ्या लेकीचं पान वाढलं, मी पाहिलं. मग निघाले. घाटापर्यंत चंद्री मागं मागं आली. भेदरलेली, हुंदके देत. म्हणली, "मामी, मी रोज भेत होते. तुमी हात वर केला की मला वाटायचं, तुमाला कळलं." मी तिला जवळ घेतलं न्हाई. मला जमलं न्हाई.

कादर न् मदीनाबी अजून माझ्याच घरी हाईत. त्याचं घर लोकांनी जाळलं. मी महिनाभर त्याच्याशी शब्द बोलले न्हाई, दोन्ही वक्ताची भाकर मात्र देत राहिले. एक दिवस तो दाराशी बसून म्हणला, "वहिनी, मी तुमाला लुटलं." मी म्हणलं, "व्हय. अन् जगवलं बी. दोन्हीची आग होती मला. जेवा." त्याच्यापुढं याहून जास्ती काय बोलायचं ते मला अजून सुचलं न्हाई.

खडकावरचे गाडे भादव्याच्या पुरात गेले. कुणी म्हणतं खालच्या गावाला लागले, कुणी म्हणतं फुटले. दगडोबा पेपर वाचून सांगतो, आता सगळा एकच मुलूख झाला, हद्द राहिली न्हाई.

आता मार्गेसर महिना लागलाय. मी अजून दुपारी चिंचेखाली जाते. कुणी बोलावत न्हाई, कुणी सांगत न्हाई, तरी पलीकडं चंद्री येऊन उभी राहते. तेच हिरवं लुगडं. पोटाला आता काई बांधत न्हाई. मी हात वर करते. ती हात वर करते. मग आमी दोघी आपापल्या घरी जातो. ती कवा इकडं आली न्हाई, मी परत तिकडं गेले न्हाई, अन् मधलं पाणी आता गुडघाभर बी न्हाई.